चढणारा आणि न उतरणारा पूर

पडद्यावर पंचगंगा आहे. डाव्या कडेला फुटांच्या खुणांची पट्टी, मधे राजाराम बंधाऱ्याचे खांब, खांबांच्या खाचांत बसवलेले बरगे, म्हणजे पाणी अडवायच्या लाकडी फळ्या. पाणी सेकंदाला एक फूट चढावं असा हिशेब घातलेला आहे. प्रोग्रॅम सुरू केला की ते सेकंदाला पाच फूट चढतं. ३९ फुटांची इशारा पातळी मागे पडून ४३ फुटांची धोका पातळी यायला एक सेकंदही लागत नाही. मग पाऊस थांबला असं धरून तोच आकडा उलट्या चिन्हाने वापरावा, तर पाणी जागचं हलत नाही. पूर चढतो, उतरत मात्र नाही.

२०१९च्या ऑगस्टमध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेलेलं ज्यांनी पाहिलं आहे, त्यांना यात काही वावगं वाटणार नाही. पण गेमने हे वास्तववादापायी केलेलं नसतं. हा गेम पायगेम या पायथन भाषेतल्या गेम-लायब्ररीत लिहिला आहे. तिथे प्रत्येक वस्तूची जागा 'रेक्ट' नावाच्या चौकटीत ठेवतात आणि ही चौकट फक्त पूर्णांक सांभाळते. तिला अपूर्णांक दिला तर तक्रार करत नाही, दशांशचिन्हापुढचा भाग गुपचूप कापून टाकते.

आता आकडे मांडून पाहू. खिडकी ८०० बाय ६०० पिक्सेलची. एक फूट म्हणजे १२ पिक्सेल धरले, तर २० फुटांची खूण वरून ५४० पिक्सेलवर आणि ६० फुटांची ६० पिक्सेलवर येते, म्हणजे मोठा पूरही पट्टीत मावतो. ३९ फुटांची रेघ ३१२वर, ४३ फुटांची २६४वर. इथे एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी: संगणकाच्या पडद्यावर वायचा, म्हणजे उभ्या अंतराचा, आकडा खाली जाताना वाढतो, त्यामुळे पाणी चढणं म्हणजे वाय कमी होणं. सेकंदाला ६० फ्रेम, म्हणजे पडदा ६० वेळा नव्याने रंगवणं, असेल तर सेकंदाला एक फूट म्हणजे फ्रेममागे ०.२ पिक्सेल. ३१२ वजा ०.२ म्हणजे ३११.८, कापल्यावर उरले ३११. मागितला होता पाचवा हिस्सा, मिळाला अख्खा पिक्सेल. उतरताना ३११ अधिक ०.२ म्हणजे ३११.२, कापल्यावर पुन्हा ३११. पाणी तिथेच. याच्यापुढची गंमत पडद्याच्या वरच्या काठावर दिसते. कापणं नेहमी शून्याच्या दिशेने होतं, म्हणून शून्य वजा ०.२चं पुन्हा शून्यच होतं आणि चढणारं पाणीही तिथे अडतं. 'मूव्ह आयपी' वापरलं तर आणखी तिसराच प्रकार: तिथे दिलेला सरकवण्याचा आकडाच आधी कापला जातो, ०.२चं शून्य होतं आणि पाणी वरही जात नाही, खालीही येत नाही. (फंक्शनांची नावं इथे देवनागरीत आणि मधल्या अंडरस्कोरशिवाय लिहिली आहेत, कोडमध्ये लिहिताना तो अंडरस्कोर विसरू नये.)

उपाय दोन. खरी पातळी साध्या अपूर्णांकी व्हेरिएबलमध्ये, तीही फुटांत ठेवावी, आणि चित्र काढायच्या क्षणी तिचं पिक्सेलमध्ये रूपांतर करून, 'राउंड' करून रेक्टला द्यावी. किंवा पायगेम-सीई या आवृत्तीतली 'एफरेक्ट' वापरावी, ती अपूर्णांक जपते. पहिला मार्ग जास्त चांगला. पाण्याची पातळी ही नदीची गोष्ट आहे आणि पिक्सेल ही पडद्याची; दोन्ही एकाच खात्यात लिहिले की उद्या खिडकीचा आकार बदलताच नदीही बदलते.

फ्रेममागे ठरावीक सरकणं हीही कच्ची सवय. फ्रेमची गती राखणाऱ्या 'क्लॉक'च्या 'टिक'ला ६० सांगितलं तरी ते १००० भागिले ६० करून येणारे १६.६७ मिलिसेकंद पूर्णांकात घेतं, १६च थांबतं, आणि मोजणी ६२.५ दाखवते. म्हणून टिककडून परत येणारे मिलिसेकंद १०००ने भागून घ्यावेत आणि वेगाला त्यांनी गुणावं. त्याला वरून मर्यादाही घालावी, ०.०५ सेकंद पुरे. विंडोजवर खिडकीच्या शीर्षकाची पट्टी धरून ओढत राहिलं की लूप, म्हणजे गेमचं सतत फिरणारं चक्र, तेवढा वेळ थबकतो; सोडल्यावर तीन सेकंदांचा हिशेब एका फ्रेममध्ये येतो आणि पाणी उडी मारून खांबांवरून जातं.

गाव आणि बंधारा यांची निवड उगाच केलेली नाही. कोल्हापूर पद्धतीचा बंधारा, ज्याला सरकारी कागदांत के.टी. (कोल्हापूर टाइप) म्हणतात, तो मुळातच थरांचा खेळ आहे. नदीत ठरावीक अंतरावर खांब, खांबांना उभ्या खाचा, खाचांत बरग्यांच्या दोन रांगा आणि दोन रांगांच्या मधे माती. पावसाळा सरला की बरगे घालायचे, पुढचा पावसाळा यायच्या आधी काढायचे. पायगेममधलं चित्रही असंच बसवावं लागतं: आधी मागचं आभाळ, मग पलीकडचा काठ, मग खांब, मग बरगे, त्यावर पाणी, सगळ्यात पुढे पट्टी आणि अक्षरं. क्रम चुकला की पाणी खांबांच्या मागून वाहतं. प्रत्येक फ्रेमला आभाळापासून सुरुवात करायची; आभाळ पुन्हा रंगवलं नाही तर आधीच्या फ्रेमचे ठसे राहतात आणि पडणाऱ्या बरग्याची शेपटी तयार होते.

या रंगवण्याला 'ब्लिट' म्हणतात. ब्लिट म्हणजे एका 'सरफेस'वरचे (मेमरीत ठेवलेल्या चित्रावरचे) पिक्सेल दुसऱ्यावर नकलणं, बाकी काही नाही. ८०० बाय ६०० म्हणजे ४ लाख ८० हजार पिक्सेल, प्रत्येकी ४ बाइट, एकूण १९ लाख २० हजार बाइट. नुसतं आभाळ सेकंदाला ६० वेळा नकललं तरी साडेअकरा कोटी बाइट हलतात, आणि पायगेमच्या नेहमीच्या सरफेसच्या बाबतीत हे काम ग्राफिक्स कार्ड नव्हे, प्रोसेसर करतो. राजारामपुरीत कॉट बेसिसवर राहणाऱ्या पोराच्या जुन्या लॅपटॉपलाही हे झेपतं, पण नकलायचे पिक्सेल आधीच पडद्याच्या साच्यात असतील तरच. पीएनजी फाइल उघडल्यावर तिची मांडणी पडद्यापेक्षा वेगळी असू शकते. मग दर ब्लिटला एकेका पिक्सेलचं भाषांतर होतं. म्हणून चित्र उघडल्याबरोबर एकदाच 'कन्व्हर्ट' करावं, पारदर्शक भाग असेल तर 'कन्व्हर्ट अल्फा'. दोन चुका हटकून होतात. खिडकी तयार करण्याआधीच कन्व्हर्ट केलं की प्रोग्रॅम अडतो, कारण कोणत्या साच्यात ढाळायचं तेच अजून ठरलेलं नसतं. दुसरी चूक म्हणजे चित्र उघडण्याची ओळ मुख्य लूपमध्ये जाणं. त्याने काही मोडत नाही, फक्त दर सेकंदाला ६० वेळा डिस्क चाळली जाते आणि मग पायथन हळू आहे असं सांगत फिरायचं.

फाइलच्या नावांबद्दल थोडक्यात. विंडोजवर मोठी आणि लहान इंग्रजी अक्षरं एकच, लिनक्सवर वेगळी. चित्राचा पत्ता प्रोग्रॅमच्या फाइलवरून काढावा, चालू फोल्डरवरून नव्हे. आणि आपल्या फाइलला पायगेम हेच नाव कधी देऊ नये, कारण मग पायथन खऱ्या लायब्ररीऐवजी तीच फाइल उघडतो.

पाण्याकडे परत येऊ. गढूळ पाण्यातून बुडालेले बरगे अंधुक दिसले पाहिजेत. चार आकड्यांचा रंग घेऊन, शेवटचा आकडा १४० ठेवून 'ड्रॉ'च्या आयत-फंक्शनने थेट पडद्यावर रंगवलं तर ठार अपारदर्शक तपकिरी ठोकळा मिळतो. ड्रॉची फंक्शनं मिसळत नाहीत, सरळ लिहितात. मिसळण्याचं काम ब्लिट करतो. तेव्हा पाण्यासाठी वेगळा सरफेस करावा. सगळं पाणी एकाच रंगाचं असेल तर प्रत्येक पिक्सेलची वेगळी पारदर्शकता बाळगायची गरज नाही. साधा सरफेस मातकट रंगाने भरून 'सेट अल्फा' १४० केलं की झालं. तो सरफेस एकदाच, पुरेल इतका उंच करावा आणि ब्लिट करताना हवा तेवढाच तुकडा मागावा. दर फ्रेमला नवा सरफेस बनवणं म्हणजे दर पातेल्याला नवी चूल मांडणं.

एका रंगाला पारदर्शक ठरवायची जुनी युक्ती, 'कलरकी', अजून पुष्कळ जण वापरतात. ती वाईट नाही, फक्त जेपीईजी चित्रावर चालत नाही. जेपीईजी शेजारचे रंग एकमेकांत थोडे मुरवतं. मग ठरवलेला गुलाबी नेमका गुलाबी उरत नाही आणि वस्तूच्या भोवती गुलाबी झालर दिसते. कलरकी लावलेलं चित्र मऊपणे लहान केलं तरी हेच होतं.

आता बरगा. खाचेतून निसटलेला बरगा पाण्यात फिरत जातो. त्याचं चित्र १६ बाय ९६ पिक्सेल. ४५ अंशांत फिरवलं की त्याला मावेल अशी चौकट ७९ बाय ७९ची होते, कारण सरफेस नेहमी सरळ आयतच असतो. जो फिरवलेलं चित्रच पुढच्या वेळी पुन्हा फिरवतो, त्याच्याकडे ७९ची ११२, मग १५८, मग २२४ होते. दहा वेळा असं केलं की बोटभर बरग्याची चौकट अडीच हजार पिक्सेलांच्या पुढे जाते आणि मधल्या मधे लाकडाच्या रेषा विटून जातात. मूळ चित्र कायम बाजूला ठेवावं, कोन वाढवत न्यावा, आणि दर वेळी मुळावरूनच फिरवावं. फिरवल्यावर चौकटीचा मध्य जुन्या मध्यावर परत बसवावा, नाहीतर बरगा थरथरतो. बरगा मध्याभोवती न फिरता खालच्या टोकाभोवती कलंडावा असं वाटत असेल तर टोकापासून मध्यापर्यंतचा व्हेक्टर वेगळा फिरवावा लागतो. इथे एक खोडी आहे: 'ट्रान्स्फॉर्म'चं 'रोटेट' घड्याळाच्या उलट फिरवतं आणि व्हेक्टरचं रोटेट, वाय खाली वाढत असल्यामुळे, पडद्यावर घड्याळाच्या दिशेने. एकाला कोन द्यावा, दुसऱ्याला उणे कोन. पाच-पाच अंशांची ७२ चित्रं आधीच करून ठेवली तर खेळताना फिरवायचं कामच उरत नाही, आणि चौकट सर्वात मोठी झाली तरी सगळी मिळून दोन मेगाबाइटच्या आत बसतात.

इतकं जमलं की गेम दिसायला गेमसारखा होतो. मग पट्टीवर मराठीत लिहावंसं वाटतं आणि खरी पंचाईत तिथे सुरू होते.

'बंधाऱ्याची स्थिती' हे दोन शब्द घ्या. 'स्थिती'त सहा संकेतचिन्हं आहेत: स, हलन्त, थ, पहिली वेलांटी, त, दुसरी वेलांटी. साठवताना वेलांटी थ-नंतर येते, दाखवताना ती स्थ या जोडाक्षराच्या आधी उभी राहिली पाहिजे. फॉन्टमधली चिन्हं एकामागून एक मांडणाऱ्या लायब्ररीला हे ठाऊक नसतं. ती पाय मोडलेला स, मग थ, मग भलतीकडे लोंबणारी वेलांटी अशी ओळ लावते. चिन्हांची ही जुळवाजुळव हार्फबझ नावाची ओपन सोर्स लायब्ररी करते. पायगेम-सीईच्या फॉन्टमध्ये 'सेट स्क्रिप्ट' आहे. तिला लिपीचा चार अक्षरी संकेत द्यायचा, देवनागरीचा 'डी-ई-व्ही-ए', त्यातला पहिला डी मोठ्या (कॅपिटल) अक्षरात. खाली एसडीएल टीटीएफ या फॉन्ट रंगवणाऱ्या लायब्ररीची २.२० किंवा नंतरची आवृत्ती लागते, नसली तर चूक फेकली जाते. 'फ्रीटाइप' हे दुसरं मॉड्यूल मात्र ही जुळवणी करत नाही.

लिपी सांगितली म्हणजे भाषा सांगितली असं होत नाही. ल आणि श यांची मराठी वळणं हिंदीपेक्षा वेगळी, आणि बऱ्याच फॉन्टमध्ये भाषा मराठी आहे असं कळल्याशिवाय ती वळणं बाहेर येत नाहीत. ज्याला याचा त्रास होतो त्याने अक्षरं पिलो या पायथनच्या चित्र-लायब्ररीत काढावीत. तिथे राक्म हे मांडणीचं इंजिन निवडून भाषा 'एमआर' देता येते, आणि तयार चित्राचे बाइट पायगेममध्ये 'फ्रॉमबाइट्स'ने आणता येतात. इंजिन हजर आहे की नाही हे पिलोच्या 'फीचर्स'ला आधी विचारावं. विंडोजवर त्याला लागणाऱ्या फ्रीबिडी लायब्ररीची फाइल सापडली नाही की ते गैरहजर असतं.

संवाद एकेक अक्षराने उमटवायचा असेल तर 'कोल्हापूर' घेऊन पाहा. डोळ्याला चार अक्षरं, पायथनला नऊ. सरळ एकेक वाढवत गेलं तर मधेच 'कोल्' दिसतं आणि पुढच्या क्षणी आकार बदलतो. तुकडे पाडण्याचा कामापुरता नियम असा: ज्या चिन्हाचा युनिकोड वर्ग एम-ने सुरू होतो (काना, मात्रा, वेलांटी, हलन्त) त्याच्या आधी तोडू नये, आणि हलन्तानंतरही तोडू नये. आकड्यांचंही बघावं लागतं. पायथन पातळी इंग्रजी अंकांत देतो. दहा अंकांचं रूपांतर 'मेकट्रान्स'ने एका ओळीत होतं. आणि ही ओळ दर फ्रेमला नव्याने रंगवू नये, आकडा बदलला तरच रंगवावी.

ओपन सोर्सला हातभार लावायची वेळ या टप्प्यावर येते असं माझं मत आहे, आधी नाही. 'कुठला तरी प्रकल्प सांगा, मला योगदान द्यायचंय' असं म्हणणाऱ्याला नेमकं काय खुपतंय ते माहीत नसतं. ज्याची 'स्थिती' मोडली आहे त्याला ते माहीत असतं.

कोणाच्या दारात जायचं तेही ठरवावं लागतं. पीट शिनर्स यांनी २००० साली सुरू केलेलं पायगेम सॅम लॅन्टिंगा यांच्या १९९८च्या एसडीएल या मूळ लायब्ररीवर उभं आहे. पायगेम २.० हे २८ ऑक्टोबर २०२० रोजी आलं, आणि २०२३मध्ये त्यातून पायगेम-सीई ही समुदायाची शाखा निघाली. दोन्ही 'पायगेम' याच नावाने आयात होतात, म्हणून एकत्र ठेवता येत नाहीत. आधी जुनं काढावं, मग नवं बसवावं. नाहीतर कोणाची चूक आपण कोणाला कळवतोय हेच कळत नाही. परवाना एलजीपीएल. आपला गेम बंदिस्त ठेवून विकायलाही हरकत नाही, पण लायब्ररीत केलेला बदल लायब्ररीसोबत वाटताना उघडा ठेवावा लागतो. आपल्याकडच्या बंधाऱ्याचं बरंच बरं आहे: गावाचं नाव घेऊन तो महाराष्ट्रभर नद्यांवर उभा राहिला आणि परवान्याचा प्रश्न कुणी काढला नाही.

पहिलं काम दुखणं लहान करण्याचं. अख्खा बंधारा पाठवू नये. खिडकी, एक फॉन्ट, एक शब्द, एक ब्लिट, अशा दहा-पंधरा ओळी उरेपर्यंत कापत जावं. निम्म्या वेळा कापता कापता आपलीच चूक सापडते. उरलेल्या ओळींसोबत काय अपेक्षित होतं, काय दिसलं, त्याचं चित्र, ऑपरेटिंग सिस्टिम, आणि आयात करताना छापली जाणारी आवृत्त्यांची ओळ द्यावी. त्याआधी प्रकल्पाकडे इतरांनी कळवलेल्या चुकांच्या जुन्या नोंदी शोधाव्यात. न उतरणारा पूर कळवायला गेलात तर नोंद बंद होईल, आणि ते योग्यच आहे: रेक्ट पूर्णांकीच आहे, तसं दस्तऐवजात लिहिलेलं आहे, आणि हजारो गेम त्यावर विसंबून आहेत. दुखणं कुठलं आणि स्वभाव कुठला, हे ओळखायला वेळ लागतो.

दस्तऐवजातली दुरुस्ती ही सुरुवातीला उत्तम. आधी फोर्क (प्रकल्पाची आपल्या खात्यातली प्रत), मग आपल्या संगणकावर क्लोन (त्या प्रतीची नक्कल), मुख्य शाखेवरून वेगळी शाखा, वेगळं व्हर्च्युअल एन्व्हायर्न्मेंट (पायथनची स्वतंत्र मांडणी). बदल झाला की तो मूळ प्रकल्पात घ्यावा अशी विनंती (पुल रिक्वेस्ट) पाठवायची. एका शाखेत एकच बदल. एडिटरने आपण होऊन सबंध फाइलची मोकळी जागा बदलली असेल तर ते परत फिरवावं. तपासणाऱ्याला तीन ओळींऐवजी तीनशे दिसल्या की तो ती विनंती उद्यावर टाकतो. नवं फंक्शन घालायचं असेल तर काम चौपट: सी भाषेतला मूळ कोड, दस्तऐवज, टाइप सांगणारी स्टब फाइल आणि चाचणी. चाचण्या 'पायगेम.टेस्ट्स' मॉड्यूल चालवून होतात. पडदा नसलेल्या यंत्रावर एसडीएलचा व्हिडिओ ड्रायव्हर 'डमी' ठेवला की त्या खिडकीशिवाय चालतात.

देवनागरीची चाचणी लिहायला मात्र विचार लागतो. रंगवलेल्या शब्दाचे पिक्सेल जपून ठेवून त्यांच्याशी तुलना केली तर फॉन्ट रंगवणाऱ्या लायब्ररीच्या नव्या आवृत्तीत कडांची छटा बदलते आणि काही बिघडलेलं नसताना चाचणी पडते. त्यापेक्षा एकाच वेळी तोच शब्द लिपी सांगून आणि न सांगता रंगवावा आणि दोन्हींचे बाइट वेगळे आले पाहिजेत एवढंच मागावं. सोबत फॉन्ट द्यायचा तर ओएफएल या खुल्या फॉन्ट-परवान्याचा, आणि परवान्याची फाइल जोडून. 'एक टाइप' या संस्थेचा 'मुक्त' नावाचा फॉन्ट चालेल.

शब्द कोणता घ्यायचा? 'बंधाऱ्याची' हा फार कामाचा. त्यातला ऱ नुक्त्याचा टाइप केला तर आडवा, पापणीसारखा रफार येतो. साधा र टाइप केला तर तो उडी मारून य-च्या डोक्यावर बसतो आणि शब्द 'बंधार्याची' होतो. जुन्या मजकुरात र, हलन्त आणि अदृश्य जोडचिन्ह अशीही पापणी सापडते. मराठी न येणाऱ्या तपासनिसाला ही तिन्ही चित्रं शेजारी ठेवली तरी बरोबर कोणतं ते सांगता येणार नाही. विनंतीच्या मजकुरात दोन ओळी लिहाव्यात: कोणती चिन्हं, कोणत्या क्रमाने, आणि बरोबर चित्र कोणतं. इंग्रजी साधं, मोडकं असलं तरी चालतं. चिन्हांचे युनिकोड क्रमांक तेवढे अचूक हवेत, ऱ चा ०९३१ आणि हलन्ताचा ०९४डी.